ताप उतरला, बोटं मिटेनात: ठाण्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्याच्या लोकमान्यनगरात राहणाऱ्या एका ४९ वर्षांच्या बाईंचं हे प्रकरण आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि इथे त्यांना नुसतं ताई म्हटलं आहे. नौपाड्यात भाड्याच्या गाळ्यात त्या पोळी-भाजी केंद्र चालवतात. पहाटे कणीक भिजवायची, साडेआठपर्यंत डबे भरायचे, दुपारनंतर पुन्हा रात्रीच्या पोळ्या. मदतीला दोन बायका आहेत, पण कणीक कायम त्यांच्याच हातची. घरात नवरा आणि बी.फार्म. करणारी मुलगी, शेजारच्या खोलीत दीर-जाऊ. नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं, त्यामुळे दारात भरलेले ड्रम. चिकनगुनिया पसरवणारा एडीस डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो.

ऑगस्टमध्ये गल्लीत तापाची साथ आली. आधी मुलगी आजारी पडली, चार दिवसांनी ताई. सणकून ताप, अंगावर पुरळ, आणि सांधे असे धरले की उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागे. दोघींची चिकनगुनियाची आयजीएम चाचणी (नव्या संसर्गानंतर रक्तात तयार होणारी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, शोधणारी) पॉझिटिव्ह आली. डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, नंतर वेदनाशामक गोळ्या. इथपर्यंतचे उपचार अगदी योग्य होते.

मुलगी पाच-सहा आठवड्यांत कॉलेजला जाऊ लागली. ताईंचे हात मात्र सुजलेलेच राहिले. सकाळी दीड-दोन तास बोटं आखडलेली, मनगटं गरम, चपलेत पाय घालताना तळव्याच्या पुढच्या भागात कळ. शेजारीपाजारी सांगत होते की चिकनगुनियाचं दुखणं सहा महिने राहतंच, वेळ द्यावा लागतो. या सांगण्यात तथ्य आहे. महाराष्ट्राने हा आजार १९७३ साली बार्शीच्या साथीत पाहिला, मग तीन दशकं तो दिसेनासा झाला आणि २००६ मध्ये जोराने परतला. त्यानंतर महिनोन्महिने कुरकुरणारे सांधे प्रत्येक चाळीत कुणी ना कुणी पाहिलेले आहेत. म्हणून ताईही थांबल्या. मधल्या काळात घराजवळच्या एका दवाखान्यात दर आठ-दहा दिवसांनी एक सुई घेत राहिल्या. सुई घेतली की दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चिठ्ठीवर औषधाचं नाव नव्हतं, पण परिणामावरून ते स्टेरॉईड असणार असं वाटतं.

दिवाळीच्या तोंडावर त्या माझ्याकडे आल्या. चकली-अनारशांच्या ऑर्डरी रद्द कराव्या लागल्या होत्या, आणि दुखण्यापेक्षा त्या गोष्टीचं त्यांना जास्त लागलं होतं.

प्रश्न काय होता

प्रश्न सोपा दिसतो: हा चिकनगुनियानंतरचा संधिवात की ऱ्हुमॅटॉइड संधिवात, म्हणजे ज्याला आपल्याकडे आमवात म्हणतात तो? पण उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून असतं. चिकनगुनियानंतरचा संधिवात बहुतेकांमध्ये हळूहळू ओसरतो. आमवात तसा ओसरत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते आणि पहिल्या काही महिन्यांतच हाड कुरतडायला लागते. हे नुकसान भरून येत नाही. त्यामुळे आमवाताच्या रुग्णाला सहा महिने थांबायला सांगणं म्हणजे त्याची बोटं पणाला लावणं, आणि साध्या चिकनगुनियाच्या रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणारं मेथोट्रेक्सेट देणं म्हणजे नको तो धोका पत्करणं.

तपासताना दोन्ही आजार सारखेच दिसतात. २०१० पासून आमवात ठरवण्यासाठी जगभर गुणपद्धती वापरतात. किती सांधे, रक्तातली प्रतिपिंडं, दाह आणि कालावधी यांना गुण द्यायचे, दहापैकी सहा झाले की आमवात. पण तिच्यात आधीच एक अट घातलेली आहे: सुजेचं दुसरं चांगलं कारण सापडलेलं नसावं. ही अट विसरली तर चिकनगुनियाचा रुग्णही सहज सहा गुण गाठतो. कॅरिबियन बेटांवर २०१४ ची साथ आली तेव्हा हैतीहून अमेरिकेत परतलेल्या काही जणांमध्ये हेच दिसलं. त्यांच्यातले बहुतेक या निकषात बसत होते, पण आमवाताची प्रतिपिंडं एकाच्याही रक्तात नव्हती.

ताईंचे दहाहून जास्त छोटे सांधे सुजलेले होते, आणि कालावधी दहा आठवड्यांचा. पण त्यांच्याकडे दुसरं चांगलं कारणही होतं, तेही लॅबच्या कागदावर लिहिलेलं.

कणकेच्या यंत्राची गोष्ट

निर्णयाला कलाटणी देणारी माहिती बोलण्यातून आली, रक्ताचे अहवाल त्यानंतर आले. मुलगी सहज म्हणाली, "आता तर कणीक मळायचं मशीन आहे, तरी आईला जमत नाही."

"मशीन कधी घेतलंत?" मी विचारलं.

"पाडव्याला," ताई म्हणाल्या. "सकाळी मूठच मिटायची नाही. वाटलं, वय झालं."

पाडवा मार्च-एप्रिलचा, ताप ऑगस्टचा. म्हणजे डास चावायच्या निदान चार महिने आधी बोटं आखडत होती, आणि सकाळीच आखडत होती. दिवसभर राबून संध्याकाळी हात दुखणं वेगळं, आणि रात्रभर विश्रांती घेऊन सकाळी मूठ न मिटणं वेगळं. दुसरी तऱ्हा दाहाची असते.

साथीच्या दिवसांत येणाऱ्या प्रत्येक सांधेदुखीच्या रुग्णाला "तापाआधी काय होतं?" हा प्रश्न विचारला पाहिजे असं मला कळकळीने वाटतं. तो सरळ विचारला तर "काही नव्हतं, ताई ठणठणीत होत्या" असं उत्तर मिळतं, कारण तापाची आठवण बाकी सगळ्यावर पांघरूण घालते. म्हणून कामातून विचारावं. भाकऱ्या थापणं कधी बंद झालं, लोकलचा दांडा धरताना कधीपासून कळ येते, बांगड्या कधी काढून ठेवल्या. बायका दुखणं विसरतात, पण कामात केलेला बदल त्यांच्या लक्षात असतो.

तपासण्या

ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर (आमवातात आढळणारं एक प्रतिपिंड) वाढलेला आला. त्यावर मी फार विसंबत नाही, कारण तो क्षयरोगात, कुष्ठरोगात, हिपॅटायटिस सी मध्ये, हृदयाच्या झडपांच्या संसर्गात आणि चिकनगुनियानंतरही थोडाफार वाढू शकतो. अँटी-सीसीपी हे आमवाताचं दुसरं प्रतिपिंड मात्र प्रयोगशाळेच्या मर्यादेच्या दहापट होतं. ही चाचणी आमवाताच्या बाबतीत बरीच नेमकी आहे. सक्रिय क्षयरोगात ती कधी कधी फसवते, पण इतक्या वरच्या पातळीवर क्वचितच. दाह दाखवणारा ईएसआर ६२, तसाच सीआरपीही वाढलेला. हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह.

हातांच्या एक्स-रेत फक्त सूज होती. पायांच्या एक्स-रेत करंगळीच्या मुळाशी हाडाला बारीक चावा पडलेला दिसला. आमवात अनेकदा पहिली खूण तिथेच सोडतो, आणि रुग्णाची तक्रार हाताची म्हणून पायाचा फोटो काढायचा राहून जातो. दहा आठवड्यांच्या चिकनगुनियाने ती खूण पडणं कठीण. हे काम आधीपासून चाललं होतं.

चिकनगुनियाची आयजीएम याही वेळी पॉझिटिव्ह आली. तिचा अर्थ एवढाच की मागच्या काही महिन्यांत संसर्ग झाला होता, कारण ही प्रतिपिंडं महिनोन्महिने रेंगाळतात. आज सांध्यांत जे चाललंय ते विषाणूमुळेच, असं तिच्यावरून म्हणता येत नाही.

मग निदान काय? आमवात आधीपासून धुमसत होता, आणि चिकनगुनियाने त्याला वारा घातला. नेदरलँड्समध्ये रक्तदात्यांच्या साठवून ठेवलेल्या रक्तावर २००४ साली एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे आमवात झालेल्या दात्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडं लक्षणांच्या कित्येक वर्षं आधीपासून होती. आजाराची सुरुवात आणि आजार जाणवण्याची सुरुवात यांत एवढं अंतर असतं. मधे येणाऱ्या तापावर सगळा दोष जातो.

मुलीचा प्रश्न

मुलगी अभ्यासू. तिने वाचून ठेवलं होतं की आमवातामागे जंतू असू शकतात. तिने थेट विचारलं, "मग अँटिबायोटिक देऊन मुळापासूनच का नाही काढत?"

हा प्रश्न वैद्यकानेही शंभर वर्षं स्वतःला विचारला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांधे दुखतात म्हणून निरोगी दात आणि टॉन्सिल सरसकट काढले जात. शरीरात कुठेतरी दडलेला पू सांध्यांना विष पाठवतो, अशी समजूत होती. १९२९ मध्ये फ्रान्सच्या झाक फोरेस्तिए यांनी सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं या रुग्णांना दिली, तीही हा आजार क्षयरोगाच्या जवळचा असावा या कल्पनेने. कल्पना चुकली, पण सोन्याचा उपयोग झाला आणि ते अनेक दशकं वापरात राहिलं. १९३० च्या दशकाअखेरीस स्वीडनच्या नन्ना स्वार्ट्झ या डॉक्टर बाईंनी जंतू मारणारं सल्फा औषध आणि दाह कमी करणारं सॅलिसिलेट जोडून नवं औषध घडवून घेतलं, कारण हा आजार जंतूंचाच असं तेव्हा मानत. तेच आजचं सल्फासॅलाझिन. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनही मूळचं मलेरियाचं. ताईंच्या औषधांच्या डब्यात पुढे या दोन्ही गोळ्या होत्या. जंतूंसाठी जन्मलेली ही औषधं सांध्यांत वेगळ्याच वाटेने काम करतात, दाह शांत करतात.

अँटिबायोटिकची थेट परीक्षाही झाली आहे. अमेरिकेत १९९५ मध्ये मिनोसायक्लिनची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. औषधाने फरक पडला, पण माफक. शिवाय मिनोसायक्लिन जंतू मारण्याव्यतिरिक्त सांध्यातली कूर्चा विरघळवणारी विकरंही (एन्झाइम) रोखतं, त्यामुळे फरक पडला म्हणून जंतू सिद्ध होत नाही. मेथोट्रेक्सेटसारखी अधिक खात्रीची औषधं हाती असल्याने ती वाट मागे पडली.

जंतूंचा संबंध आहे, पण तो वेगळ्या पातळीवर. हिरड्यांच्या आजारात पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा जिवाणू आढळतो. त्याच्याकडे एक विकर आहे. ते प्रथिनांतल्या आर्जिनिन या घटकाचं सिट्रुलिनमध्ये रूपांतर करतं. बदललेलं प्रथिन प्रतिकारयंत्रणेला परकं वाटतं आणि ती त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते. अँटी-सीसीपी चाचणीत आपण जी मोजतो ती याच जातीची. २०१६ मध्ये हिरड्यांतल्याच आणखी एका जिवाणूबद्दल अशीच गोष्ट पुढे आली. त्याचं विष पांढऱ्या पेशींना भोकं पाडतं आणि त्यांच्या आत हेच रूपांतर बेसुमार होतं. आतड्यांत, नव्याने आमवात झालेल्यांमध्ये प्रिव्होटेला कोप्री हा जिवाणू जास्त आढळल्याचं २०१३ मध्ये दिसलं. एपस्टीन-बार विषाणूवरचा संशय तर त्याहून जुना.

म्हणजे एक जंतू, एक आजार, एक औषध असा हिशोब इथे लागत नाही. मुळात काही विशिष्ट जनुकं लागतात, त्यात स्त्री असणं, धूम्रपान, हिरड्यांची वर्षानुवर्षांची जळजळ अशा गोष्टींची भर पडते, आणि कधीतरी प्रतिकारयंत्रणेचा तोल जातो. गेल्यावर जंतू निघून गेला तरी ती थांबत नाही. मुलीला हे पटलं. तिने पुढचा प्रश्न विचारला तो खरोखर उपयोगाचा होता: "आईच्या हिरड्यांतून रक्त येतं, ते दाखवायचं का?"

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, आणखी तीन महिने वेदनाशामकांवर थांबायचं. फक्त चिकनगुनिया असता तर मी हेच सुचवलं असतं. हाडाला चावा दिसल्यावर तो बाद झाला.

दुसरा, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि थोडं स्टेरॉईड देऊन वाट पाहायची. सौम्य आहे, घरच्यांना पटणारा आहे. ताईंच्या नवऱ्यांचा कल इकडेच होता, कारण मेथोट्रेक्सेट हे कर्करोगाचं औषध आहे असं त्यांना औषधाच्या दुकानात सांगितलं होतं. ते खरंही आहे, पण तिथली मात्रा कैकपट मोठी असते. इथे आठवड्यातून एकदाच, थोड्या मिलिग्रॅममध्ये देतात.

तिसरा, मेथोट्रेक्सेट लगेच सुरू करायचं. विषाणूचा ताप जाऊन दहा आठवडे झाले होते, प्रतिपिंडं भरपूर होती, हाड कुरतडलं जात होतं. हा पर्याय निवडला. आमवातात पहिल्या काही महिन्यांत उपचार जोरात सुरू झाले तर पुढची कित्येक वर्षं सुसह्य होतात, हे आता वादातीत आहे.

काय केलं

मेथोट्रेक्सेट दर आठवड्याला १० मिलिग्रॅमपासून सुरू करून १५ पर्यंत वाढवलं. ही गोळी चुकून रोज घेतली तर जीवावर बेतू शकतं, म्हणून वार पक्का ठरवला. केंद्राला सोमवारी सुट्टी असते, तेव्हा गोळी रविवारी रात्री. मळमळ झाली तरी सोमवारी आराम. फॉलिक ॲसिड बुधवारी. मुलीने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रविवारांना लाल गोल केले. जोडीला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड थोड्या मात्रेत. प्रेडनिसोलोन किती दिवसांनी किती कमी करायचं आणि कुठल्या तारखेला बंद करायचं, हे पहिल्याच चिठ्ठीवर लिहिलं. स्टेरॉईडला शेवटची तारीख नसली की ते घरात मुक्काम ठोकतं, हे वारंवार पाहिलं आहे. दवाखान्यातली सुई त्या दिवसापासून बंद.

दात तपासायला पाठवलं. ताई गेली तीस वर्षं सकाळी मिश्री लावतात. सातारा-सांगलीकडून आलेल्या कित्येक घरांत ती सवय आईकडून मुलीकडे येते, आणि डॉक्टरला सांगायची गोष्ट म्हणून ती कुणाच्या मनात येत नाही. दंतवैद्यांना हिरड्यांत खोल पोकळ्या आणि दोन हलणारे दात मिळाले. ते दोन काढले, बाकीच्यांची मुळापर्यंत साफसफाई टप्प्याटप्प्याने केली. धूम्रपान आणि आमवात यांचं नातं पक्कं आहे. स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवायच्या तंबाखूवर अभ्यास झाला, त्यात तसं नातं दिसलं नाही. म्हणून मिश्रीने आमवात झाला असं मी ताईंना सांगितलं नाही. हिरड्यांचा आजार आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका, ही दोन कारणं मिश्री सोडायला पुरेशी होती. हिरड्यांच्या उपचाराने सांधे सुधारतात का, यावर छोट्या अभ्यासांचे निकाल दोन्ही बाजूंचे आहेत. पण चावता यावं, तोंडात पू नसावा, आणि पुढे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यायची असताना संसर्गाचं घर उघडं नसावं, एवढ्यासाठी तरी ते करायलाच हवं होतं.

मधला अडथळा

चार महिन्यांनी सूज बरीच कमी होती, पण पुरेशी नाही. २८ सांध्यांवरून काढायचा आजाराचा निर्देशांक ६.३ वरून ४.६ वर आला होता. २.६ च्या खाली जायला हवा. मेथोट्रेक्सेट २० पर्यंत नेलं. बायोलॉजिक इंजेक्शनांचा विषय निघाला. टीएनएफ हे दाह भडकवणारं द्रव्य रोखणारी ही इंजेक्शनं गुणकारी आहेत, पण टीएनएफ हेच द्रव्य फुप्फुसात दडलेल्या क्षयरोगाच्या जंतूभोवती कुंपण घालून ठेवतं. कुंपण काढलं की झोपलेला क्षयरोग उठतो. म्हणून आधी क्षयरोगाची चाचणी करावीच लागते.

तेव्हा कळलं की शेजारच्या खोलीतल्या जाऊबाईंना दोन वर्षांपूर्वी फुप्फुसाचा टीबी झाला होता. सहा महिन्यांचा कोर्स पुरा करून त्या बऱ्या झाल्या होत्या. लाजेपोटी कुणी ते बाहेर बोललं नव्हतं. ताईंची इग्रा ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली. छातीचा फोटो स्वच्छ, खोकला नाही, वजन स्थिर. म्हणजे आजार नाही, पण जंतू दडलेला.

आता निर्णय होता तो क्रमाचा. क्षयरोगाचं प्रतिबंधक औषध आयसोनियाझिड सुरू केल्यावर निदान एक महिना गेल्याशिवाय बायोलॉजिक देत नाहीत. तो वेळ वाया घालवण्यापेक्षा सल्फासॅलाझिन जोडायचं ठरलं. दोन्ही गोळ्या एकदम सुरू केल्या नाहीत, कारण यकृतावर ताण आला तर कुणामुळे ते कळायला हवं. आधी सल्फासॅलाझिन, तीन आठवड्यांनी सहा महिन्यांचं आयसोनियाझिड, सोबत पायरिडॉक्सिन (बी-६ जीवनसत्त्व).

आयसोनियाझिडच्या सहाव्या आठवड्यात यकृताच्या तपासणीतला एसजीपीटी ११८ आला, म्हणजे वरच्या मर्यादेच्या जवळपास तिप्पट. कावीळ नाही, उलट्या नाहीत. टीबीची गोळी थांबवायची की मेथोट्रेक्सेट? दोन्ही थांबवणं सोपं होतं, पण मग दोन्हीकडचं काम अर्धवट राहिलं असतं. आधी विचारलं, याशिवाय काय घेता? ताई जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, "नणंदेनं गुळवेलीचा रस सांगितला होता. वातावर चांगला असतो म्हणे. रोज सकाळी घेते."

२०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं होतं, आणि प्रतिकारयंत्रणेचे आजार असलेल्यांनी जपावं असं त्यातून पुढे आलं. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता. त्या वादात न शिरताही एवढं सरळ आहे: प्रतिकारयंत्रणा आधीच उधळलेली असताना तिला चालना देणारं म्हणून प्रसिद्ध असलेलं काही घेऊ नये, आणि यकृतावर आधीच तीन औषधं असताना चौथं नको. गुळवेल बंद केली, मेथोट्रेक्सेटचे दोन डोस वगळले, आयसोनियाझिड आणि सल्फासॅलाझिन चालू ठेवून दर आठवड्याला रक्त तपासलं. तीन आठवड्यांत एसजीपीटी ५२ वर आला. मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू केलं, आणि आकडा परत चढला नाही. त्यामुळे माझा संशय गुळवेलीवर जातो, पण दोन गोष्टी एकाच वेळी थांबवल्या होत्या, तेव्हा पुरावा म्हणून हे पुढे करणार नाही.

निष्पत्ती

तिन्ही औषधांच्या जोडीने आठव्या महिन्यात निर्देशांक २.८ झाला आणि वर्ष पुरं होताना २.३. बायोलॉजिकची गरज राहिली नाही. क्षयरोगामुळे थांबावं लागलं म्हणून जुनी, स्वस्त औषधं पुरती वापरून पाहिली गेली आणि ती लागू पडली. आयसोनियाझिडचा कोर्स पूर्ण झाला. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी घेतल्या. डोळ्यांची तपासणी ठीक आहे, दर वर्षी करायची आहे.

पुढच्या दिवाळीत केंद्रावर अनारसे होते, चकल्या मदतनीस बाई पाडत होत्या. कणकेचं यंत्र राहिलं आहे, ते काढायचं कारणही नाही. मिश्री बरीच कमी झाली, पूर्ण सुटलेली नाही. करंगळीच्या मुळाशी पडलेला चावा तसाच आहे, नवा पडलेला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट पाडव्याची. मूठ मिटत नाही म्हणून बाई यंत्र विकत घेते आणि ते दुखणं कुणाला दाखवत नाही. तिथे वैद्यकाचा संबंधच आला नाही. आपल्याकडे साधारण दर दोनशे माणसांमागे एकाला हा आजार असतो, बायकांना पुरुषांच्या तिप्पट. सकाळची आखडण अर्ध्या तासाहून जास्त आणि सहा आठवड्यांहून अधिक काळ राहिली तर दाखवायचं, एवढं जरी महिला मंडळात, भिशीत बोललं गेलं तरी पुष्कळ होईल.

दुसरी, तापानंतरच्या सहाव्या आठवड्यात. मुलगी बरी झाली आणि आई नाही, तीही त्याच घरात, त्याच विषाणूने. हा फरक डोळ्यांसमोर होता. त्या टप्प्यावर अँटी-सीसीपी केली असती तर महिनाभर वाचला असता. चिकनगुनिया पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाची ही चाचणी करा असं मी म्हणणार नाही, उगीच खर्च आहे. सहा आठवड्यांनी हाताचे छोटे सांधे सुजलेलेच असतील तर मात्र करावी.

तिसरी, क्षयरोगाची चौकशी स्टेरॉईडच्या आधी व्हायला हवी. दवाखान्यातल्या सुयांनंतर केलेली त्वचेवरची मॅन्टू चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून इग्रा करावी लागली. घरात किंवा शेजारी कुणाला टीबी झाला होता का, हा प्रश्न पहिल्याच भेटीत आणि शक्यतो रुग्णाला एकटं असताना विचारावा. ताईंनी ते चार महिन्यांनी सांगितलं, कारण पहिल्या भेटीला दीरही सोबत होते.

चौथी, काढे आणि रस. "आणखी कुठलं औषध घेता का?" याचं उत्तर नेहमी "नाही" असतं, कारण गुळवेल, अश्वगंधा, कुणी दिलेली वातावरची पुडी यांना घरात औषध मानत नाहीत. नावं घेऊन विचारावं लागतं, दर भेटीत.

सध्या विचार चालू आहे तो औषधं कमी करण्याचा. आजार आणखी सहा महिने असाच शांत राहिला तर आधी सल्फासॅलाझिन उतरवायचं आणि मेथोट्रेक्सेट शेवटपर्यंत ठेवायचं, असं ताईंशी बोलून ठरलं आहे. पावसाळा त्याआधी येतो. दारातल्या ड्रमांना घट्ट झाकणं बसवून घेतली आहेत, आणि ताप आला तर त्या आठवड्याची मेथोट्रेक्सेटची गोळी न घेता आधी फोन करायचा, हे कालनिर्णयच्या पानावर मुलीने लिहून ठेवलं आहे.